उकळून गार केलेलं पाणी

रुचिताने पातेल्यातलं पाणी चांगलं खळखळू दिलं, मग गॅस बंद केला आणि वर ताट झाकलं.

"चहा ठेवला का?" अंगणातून आईने विचारलं.

"नाही आई. नुसतं पाणी आहे."

"नुसत्या पाण्यासाठी काहून गॅस जाळून राहिली?"

तिच्या आईने, अंजनाबाईंनी, ऐंशी ओलांडली होती. वयाने गुडघे नेले, दात नेले, पण कान मात्र जसेच्या तसे ठेवले होते. पातेलं कोणतं, त्यात दूध आहे की पाणी, हे त्या उंबऱ्याबाहेर बसून सांगत. आत्ताही त्या ऑक्टोबरच्या कोवळ्या उन्हात पाय लांब करून बसल्या होत्या आणि मांडीवरच्या सुपात लालभाजी निवडत होत्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीत प्लास्टिकचा एक डबा होता. त्यात ओलं शेवाळ, सालीचा एक तुकडा, आणि सालीवर हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक गोगलगाय. शंखाचा रंग फिक्या चहासारखा. बहुतेक शंख उजवीकडे वळत जातात, हिचा डावीकडे वळला होता. कालपासून ती सालीला चिकटून होती. मधूनच एक शिंग बाहेर काढायची, अंदाज घ्यायची, पुन्हा आत ओढायची.

पाणी तिच्यासाठीच होतं. उकळलं की पाण्यातली हवा निघून जाते. असं पाणी गार करून बाटलीत काठोकाठ भरायचं, त्यात गोगलगाय सोडायची आणि झाकण घट्ट लावायचं. हवा शोधत ती शंखाबाहेर येते, होईल तितकी ताणते आणि तशीच राहते. मग तिला स्पिरिटमध्ये ठेवता येतं. अंग आत ओढून मेलेली गोगलगाय तज्ज्ञांच्या कामाची नसते. रुचिताने ही पद्धत रायपूरच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवली होती, फळ्यावर बाटलीचं चित्र काढून. स्वतःच्या हाताने मात्र एकदाही केली नव्हती. त्याला कारण होतं, आणि ते कारण बाहेर भाजी निवडत बसलं होतं.

नागपूरला एमएस्सी करताना यशवंतराव सरांनी पोरांना फुलपाखरू कसं मारायचं ते शिकवलं होतं. जाळ्यातच पंख मिटवून धरायचे आणि छाती दोन बोटांत दाबायची, की झालं. रुचिताने रुईवरचं एक नारिंगी फुलपाखरू असं मारलं, टाचणीवर लावलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत पेटी घेऊन मोठ्या दिमाखात घरी आली. वडील, धर्मपाल, रायपूरला रेल्वेत होते. त्यांनी चष्मा लावून पेटी न्याहाळली आणि पोरीची पाठ थोपटली. आईने एकच विचारलं, "हे मेलेलंच भेटलं होतं का?"

रुचिताला खोटं बोलता आलं नाही. संध्याकाळी तिघं बुद्धवंदनेला बसले. त्रिशरण झालं आणि पंचशीलाशी येताच आईने हात खाली घेतले. जीव घेण्यापासून दूर राहीन, हे पहिलं शील.

"सकाळी मारायचं आन संध्याकाळी हात जोडून म्हणायचं का मी मारणार नाही," आई म्हणाली होती. "मले असं नाही जमत. जो मारते त्यानं ते म्हणू नये. दोनातलं एक सोड बाई."

रुचिताने मारणं सोडलं. तेव्हापासून, नागपूरची वर्षं वगळता, मायलेकी रोज संध्याकाळी पाचही शीलं एका आवाजात म्हणत आल्या होत्या. आई नेमाची पक्की होती. पावसाळ्यात गोगलगाई तिच्या लालभाजीची चाळण करत. आजूबाजूच्या बाया त्यांच्यावर मीठ टाकत. आई एकेक वेचून सुपात घ्यायची आणि घरासमोरचा, रायपुरातल्या तेलीबांध्याचा तो गाड्यांनी भरलेला रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात सोडून यायची. दोन दिवसांनी त्या परत यायच्या. आई परत सूप घ्यायची.

मारायचं नाही म्हटल्यावर विज्ञानात काय उरतं, असं सरांनी विचारलं होतं. बरंच उरलं. पीएचडीसाठी रुचिता फुलपाखरं धरायची, पंखावर शाईचा ठिपका द्यायची आणि सोडून द्यायची. दुप्पट वर्षं लागली. पुढे ती गोगलगाईंकडे वळली, कारण गोगलगाय मेल्यावर घर मागे ठेवून जाते. रिकामे शंख वेचले तर कुणाचा जीव जात नाही. कॉलेजात पोरं मागून 'घोंघा मॅडम', म्हणजे गोगलगाय मॅडम, म्हणत. तिच्या बरोबरीचे पुढे निघून गेले. कुणी बेडकाला नाव दिलं, कुणी कोळ्याला. रुचिताचं कपाट होमिओपॅथीच्या बाटल्यांनी भरत गेलं आणि प्रत्येक बाटलीत कुणाचं तरी सोडलेलं घर होतं. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं, असं मात्र नाही.

त्यातलं एक घर डाव्या अंगाचं निघालं. रायपूरबाहेर, एका गावाच्या तळ्यावर अर्जुनाची जुनी झाडं होती. इकडे त्यांना कउहा म्हणतात. झाडांखाली ठाकुरदेवाचा, म्हणजे गावदेवाचा दगड, म्हणून कुणी कुऱ्हाड लावत नसे. तिथे रुचिताला तो शंख सापडला आणि मग दुसऱ्या कुठल्याही तळ्यावर सापडला नाही. तिने सगळी धुंडाळली. कलकत्त्याच्या तज्ज्ञांनी फोनवर सांगितलं की जात नवी दिसते आहे, पण नुसत्या शंखावरून मी नाव देणार नाही, मला आतला देह पाहिजे, एक जिवंत घ्या आणि पद्धतशीर मारून पाठवा.

"आपोआप मेलेली मिळाली की पाठवते," रुचिता म्हणाली होती.

ती कधी मिळाली नाही. गोगलगाय मेली की रुचिताच्या आधी मुंग्या पोचत. एकदा तिने दोन-तीन जिवंत आणून पाळून पाहिल्या. त्या आठवड्याच्या आत शंखात खोल ओढून सुकून गेल्या. त्यांचा उपयोग तर झाला नाहीच, वर जीव गेल्याचं तिच्या माथी आलं. आईनेच त्या अंगणात पुरल्या. मग रुचिताने ठरवलं, घाई कशाला? झाडं कुठे पळून चालली होती? दर पावसाळ्यात ती तिथे जायची, सालीवर फिरणाऱ्या त्या इवल्या डावखुऱ्या गोगलगाई बघायची, आणि रिकामे शंख घेऊन परत यायची. नावही तिने ठरवून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

मग नवं राज्य झालं, आणि नव्या राज्याला नवी राजधानी हवी झाली. घरासमोरचा रस्ता रुंद झाला आणि शेतांमधून सरळ निघून गेला. रुचिताचा भाचा प्रशिक, भिलाईच्या भावाचा मुलगा, त्याच कामावर एका ठेकेदाराकडे इंजिनिअर लागला. घरात सगळ्यांना आनंद झाला, रुचितालाही झाला. परवा त्याचाच फोन आला.

"आत्या, आपका वो तालाबवाला प्लॉट हमको मिल गया है। काम चालू हो गया।"

काल ती पोचली तेव्हा झाडं आडवी पडली होती. दिवसभर ती ओंडक्यांच्या साली उलट्यापालट्या करत राहिली. हाती लागली ती ही एकच. चार-सहा दिवसांत हीसुद्धा डब्यात सुकून जाणार होती, हे रुचिताला ठाऊक होतं. नीट मारली तर तिच्या जातीला नाव मिळणार होतं. नाही मारली तर अशी एक जात इथे होती, हे कुणाला कधी कळणारही नव्हतं. सगळ्या नोकरीत, सगळ्या आयुष्यात रुचिताला स्वतःचं म्हणून सापडलेलं असं हे एकच होतं.

तिने ताट उचलून पाण्याला बोट लावलं. अजून कोमट होतं. ती बाहेर येऊन आईजवळ बसली आणि सुपातली एक जुडी ओढून निवडायला लागली.

"ते डब्यातलं," आई म्हणाली, "डाव्या अंगाचं तेच न?"

"तेच. आता एवढंच राहिलं."

"त्याले झाडावर सोडून ये मंग."

"झाडं नाही राहिली आई."

"आपल्या इथं?"

"नाही जगत. तूच नव्हतं का पुरलं मागं?"

आईने मान हलवली. भाजीची एक काडी मोडली, बाजूला टाकली. "मंग पाणी काहून उकळलं?"

रुचिताने सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर सगळंच सांगितलं, फळ्यापुढे उभी राहून सांगायची तसं. आई मधेमधे विचारत होती, जणू लोणच्याची कृती विचारावी.

"गरम नाही चालत?"

"नाही. गार पाहिजे. गरम असलं तर आत ओढून घेते."

"आन भरायचं किती?"

"काठोकाठ. एक बुडबुडा नाही राहिला पाहिजे."

"त्याले समजत असन का?"

"माहीत नाही. कोणालेच माहीत नाही."

"आन नाही केलं तं?"

"तं मरेलच. पण ते होतं हेच कोणाले समजणार नाही."

"तुले तं माहीत राहीन."

"मी गेल्यावर?" रुचिताचा आवाज चढला, आणि लगेच तिला त्याची लाज वाटली. मग ती हळू म्हणाली, "आई, तू एकदा हो म्हण. तू हो म्हटलं तर करते मी."

आईने सूप खाली ठेवलं. लालभाजीने तिची बोटं तांबडी झाली होती. ती लुगड्याला पुसत आई म्हणाली, "माह्या हो म्हणण्यानं तुह्या हाताले काय फरक पडते?"

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल वाजली. प्रशिक हेल्मेट न काढताच आत आला.

"आत्या, चलो जल्दी। एक पेड़ बचा है, पीछे मेड़ पर। मैं बोल के आया हूँ सुपरवाइज़र को, शाम तक हाथ मत लगाना।"

रुचिता उभी राहिली. मांडीवरची पानं खाली सांडली. "कउहा आहे? बघितलंस नीट?"

"बड़ा पेड़ है, आत्या। तालाब के पास ही है।"

"मग ते वाचवता येईल?"

"बात करेंगे न। मेड़ पर है, रोड में नहीं आता।"

ती डबा घ्यायला आत गेली आणि तशीच परत आली. धुळीत आणि उन्हात, मोटरसायकलच्या हादऱ्यात ती गोगलगाय टिकली नसती. "आधी झाड बघून येते," ती आईला म्हणाली. "मग हिला नेऊन सोडते. पाणी राहू दे तसंच."

"हव," आई म्हणाली.

रस्ता इतका गुळगुळीत होता की रुचिताला मैल कळलेच नाहीत. पूर्वी इथे यायला अर्धी सकाळ जायची. वाटेत प्रशिक काहीबाही सांगत होता. इथे मंत्रालय होणार, तिथे बगीचा, बगीच्यात फुलपाखरांसाठी वेगळी जागासुद्धा. तो खुशीत होता. आत्याला काहीतरी देता येतंय, याची ती खुशी होती, आणि म्हणून रुचिता हूं हूं करत राहिली.

तळ्याच्या बांधावर झाड उभं होतं. उंच, सरळ, एकटं. रुचिता लांबूनच थांबली.

ते निलगिरीचं होतं. सरकारी लावणीतलं कधीतरी उरलेलं. साल गुळगुळीत, तिच्यावर मुंगीसुद्धा नव्हती.

"क्या हुआ?" प्रशिकने विचारलं. "ये नहीं था?"

"नाही रे बाबा."

"पेड़ तो पेड़ है न, आत्या। उस पर नहीं रहेगा?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला त्याला रागावता येईना. तिने फक्त मान हलवली. प्रशिकने हेल्मेट काढलं. मग काही सुचेना म्हणून तो तिला ठाकुरदेव दाखवायला घेऊन गेला. दगड नीट उचलून बांधाच्या कडेला ठेवला होता, त्याला शेंदूर लावला होता, नारळ फोडला होता. चौथरा होणार होता. बाकी सगळीकडे लाल मुरूम पसरून दाबलेला होता आणि त्याच्यावर रोलर फिरत होता.

रुचिताने तिथूनच घरी फोन लावला.

"आई, ते नाही ते झाड."

"मंग?"

"मंग काही नाही. ओंडके अजून ट्रकमध्ये आहेत, तेवढे बघून येते. उशीर होईल." ती थांबली. रोलर जवळ आला होता, तो निघून जाईपर्यंत तिला बोलता येईना. "आई, माझ्या हातून नाही होणार ते."

पलीकडे सूप जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "तू ये सावकाश. उन्हात पाणी पीत जाय."

ट्रकमधल्या ओंडक्यांच्या साली वाळून सुटत चालल्या होत्या. प्रशिकने शर्टाच्या बाह्या सारल्या आणि तोही तिच्याबरोबर साली उचलू लागला. प्रत्येक खपलीखाली बघून तो विचारायचा, "ये है क्या?" त्याने आणलेलं प्रत्येक ती हातात घेऊन बघायची. बी असायचं, खडा असायचा, कोळ्याचं अंडं असायचं. एकदा डावीकडे वळलेला शंख निघाला. रिकामा. उतरत्या उन्हात दोघं परत निघाले.

प्रशिक तिला फाटकाशी सोडून गेला. घरात भाजीला लसणाची फोडणी दिल्याचा वास होता. रुचिता तोंड न धुताच स्वयंपाकघरात शिरली.

पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. खिडकीतला डबा उघडा होता आणि त्यात नुसतं शेवाळ होतं. शेजारी बाटली होती, तिच्या कपाटातलीच, काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट.

गोगलगाय पाण्यात पूर्ण बाहेर आली होती. पाय लांब पसरलेला, चारही शिंगं सरळ, काही म्हणून लपवलेलं नाही. इतक्या वर्षांत रुचिताने तिला अशी अख्खी कधी पाहिली नव्हती. अगदी जशी पाहिजे तशी, हे तिच्या मनात आधी आलं, आणि आलं म्हणून तिला रडू फुटलं. तिने झाकणाला हात घातला. बाटलीवर नख वाजवलं. शिंगं हलली नाहीत. एवढ्याशा जिवाला एक दुपार पुरे होती. तिने झाकणावरून हात काढला.

आई अंगणातल्या नळाखाली हात धूत होती.

"आई, काय केलंस हे?"

"तू सांगतलं तसंच केलं," आई म्हणाली. पाठ तिच्याकडेच होती. "गार होऊ देल्लं. काठोकाठ भरलं. एक बुडबुडा राहून गेल्ता, तं झाकण काढून अजून भरलं."

"पण तू काहून?"

"तुह्यानं झालं नसतं. फोनवर समजलं मले."

"नसतं झालं तर नसतं झालं! तू कशाले..."

"तुले म्हणायच्या संध्याकाळा लय राहिल्या हायेत बाई," आई म्हणाली. "माह्या कितीक राहिल्या?"

रुचिताला ते लगेच उमगलं नाही. आईने नळ बंद केला. हात कोरडे झाले तरी ती ते पदराला पुसत राहिली. बोटांवरचा भाजीचा रंग अजून गेला नव्हता.

"आता तं नाव भेटन न त्याले?"

"भेटन."

"मंग झालं."

"तुझं ठेवणार होते," रुचिता म्हणाली. ते तिने असं, नळापाशी उभं राहून, सांगायचं कधी ठरवलं नव्हतं. "पहिल्यापासून ठरवलं होतं मी. अंजना. पुस्तकात छापून येतं आई, कायमचं. तुझ्या हातात आणून देणार होते."

आईने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पोरीच्या कौतुकाचं काहीतरी आलं, बराच वेळ राहिलं, आणि मग तिनेच ते आवरलं.

"माह्य नको ठेवू."

"आई..."

"मी मारलं न त्याले. माह्य नाव कसं देतं त्याले?" ती उंबऱ्याला धरून पायरी चढली. "त्या तळ्याचं ठेव. नाहीतं त्या गावाचं. कोण्या गावचं होतं, तेवढं तं लोकाईले समजन."

दिवे लागले. रस्त्यावरून नव्या राजधानीच्या बसगाड्या एकामागून एक जात होत्या आणि प्रत्येकीबरोबर खिडकीचं तावदान थरथरत होतं. आईने बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, दोन उदबत्त्या खोचल्या आणि नेहमीसारखी भिंतीला टेकून न बसता ताठ बसली. रुचिता तिच्या शेजारी बसली. त्रिशरण दोघींनी मिळून म्हटलं.

पहिल्या शीलाशी आई थांबली. तिला दम लागला असेल असं वाटून रुचिताही थांबली. पण आईने जोडलेले हात खाली घेतले होते, आणि ते मांडीवर उताणे ठेवले होते.

"म्हण न," ती म्हणाली. "तुले म्हणता येते."

रुचिताने तोंड उघडलं. लहानपणापासून ते शब्द तिने कधी एकटीने म्हटले नव्हते. दोन आवाजांत ते किती सोपे होते, हे तिला आत्ता कळत होतं. ती अडखळली, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. आई डोळे मिटून ऐकत होती, आणि ऐकताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

पहिलं शील म्हणून झालं. मग आईने हात जोडले आणि दुसऱ्या शीलापासून तिचा आवाज येऊ लागला.